टीव्हीचं चित्र कसं लावलंत? अनुभव लिहा

बऱ्याच घरांत नवा टीव्ही भिंतीवर चढतो आणि पुढे वर्षानुवर्षं 'व्हिव्हिड'वरच चालतो. दुकानातल्या लखलखाटात शेजारच्या टीव्हींपेक्षा उठून दिसावा, यासाठीचा हा मोड. रात्री दिवाणखान्यात तोच डोळ्यांना खुपतो आणि बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, विनाकारण पूर्ण ताकदीनं चालत राहतो. माझं मत ठाम आहे: पहिल्याच दिवशी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावावा आणि बॅकलाइट खोलीच्या उजेडाप्रमाणे उतरवावा. तुम्ही काय केलंत, घरच्यांना पटलं का, काय बिघडलं, सविस्तर लिहा. खोलीत उजेड किती असतो तेही सांगा, नाहीतर तुमचा बॅकलाइटचा आकडा दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही.

ठाणे
सिनेमा मोड लावल्यावर आईची पहिली तक्रार: "टीव्ही पिवळा पडलाय." तिला म्हटलं, थोडे दिवस राहू दे. चित्रपटांचे रंग ६५०० केल्विनचा पांढरा धरून ठरवलेले असतात. 'कूल' या रंगछटेच्या सेटिंगमधल्या निळसर पांढऱ्याला सरावलेल्या डोळ्यांना तो पिवळट वाटतो. नंतर मुद्दाम परत कूल लावून दाखवलं, तर आईच म्हणाली, "हे निळं कशाला?"
शार्पनेसही बघा. अक्षरांभोवती पांढरी कड दिसते, ती तो जास्त असल्यानं. मात्र सोनीवर ५० ही मधली जागा आहे, त्याखाली गेलात तर चित्र मऊ पडतं.

मिरज
माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. "आवाज येतो, चित्र नाही" ही आमच्याकडची नेहमीची तक्रार. अंधारात पडद्यावर टॉर्च तिरका धरायचा. आत चित्र पुसट हलताना दिसलं तर पॅनेल चांगलं आहे, बॅकलाइट गेलाय. आतल्या पट्ट्यांवर एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात, त्यातला एक उडाला की अख्खी ओळ विझते. पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर एलईडीवरची भिंगं गळून पडलीत.
दोन्हीच्या मागे बहुतेक वेळा उष्णताच असते. बॅकलाइट १०० वर आणि टीव्ही कपाटाच्या खणात कोंबलेला, मग हवा खेळणार कुठून? पट्टी बदलता येते, पण पॅनेल उतरवताना तडा गेला तर सगळंच संपलं. म्हणून दुरुस्तीनंतर मी बॅकलाइट ५०-६० वर आणतो, गिऱ्हाइकाला चित्र दाखवतो आणि मगच टीव्ही देतो.
एक सांगायलाच हवं. ज्या टीव्हीत 'बॅकलाइट' वेगळा दिलाय, तिथे 'ब्राइटनेस' कमी करून ताण हलका होत नाही. त्यानं काळ्याची पातळी तेवढी बदलते आणि सावलीतलं सगळं बुडून जातं. नव्या सोनीत मात्र 'ब्राइटनेस' हाच बॅकलाइट असतो, काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' वेगळी.

पुणे
आमचा ओलेड आहे, म्हणजे बॅकलाइट नाही, पडद्याचा प्रत्येक ठिपका (पिक्सेल) स्वतःच उजळतो. आणि बाबा दिवसभर बातम्या लावतात. चॅनेलचा लोगो आणि खालची ब्रेकिंगची पट्टी तासन् तास एकाच जागी, म्हणजे डाग पडायला निमंत्रणच. चित्र अधूनमधून किंचित सरकवणारं पिक्सेल शिफ्ट चालू ठेवलंय, लोगोचा उजेड आपोआप उतरेल असं लावलंय, आणि बातम्यांपुरता 'ओलेड लाइट', म्हणजे पडद्याचा उजेड, बराच खाली आणलाय.
त्याहून महत्त्वाची गोष्ट भिंतीवरच्या बटणाची. आपल्याकडे झोपताना सगळी बटणं बंद करायची सवय असते. पण ओलेड स्वतःची पिक्सेल-दुरुस्ती करतो ती रिमोटनं बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये. एलजीत वापराचे एकूण चार तास भरले की ती होते आणि काही मिनिटांत संपते. लगेच वीज तोडली तर ती राहून जाते. आता आमच्याकडे बाबाच सगळ्यांना सांगतात, "मेन बटण थोड्या वेळानं."

नागपूर
मोशन स्मूदिंग! चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि मोठ्या पडद्यावरचा सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. टॉम क्रूझनं २०१८ मध्ये खास व्हिडिओ करून हे बंद करायला सांगितलं होतं, आणि ते अगदी योग्य होतं. सोनीत 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन' शोधा. क्रिकेटला मात्र मी थोडं ठेवतो, चेंडू स्वच्छ दिसतो.

कोल्हापूर
जुने ४:३ कार्यक्रम ताणून बघू नका, कृपा करा. माणसं आडवी होतात. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. ओलेडवाल्यांनी मात्र त्याही रोज तासन् तास ठेवू नयेत.

मडगाव
वरचं सगळं केल्यावर एक तपासा. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयची (बाहेरची उपकरणं जोडायच्या खाचेची) सेटिंग वेगळी साठवली जाते, आणि एचडीआरची (जास्त उजेड-अंधार दाखवणाऱ्या चित्राची) त्याहून वेगळी. सेट-टॉप बॉक्सवर बॅकलाइट उतरवलात तरी स्ट्रीमिंग स्टिक लावली की पुन्हा 'व्हिव्हिड' समोर येऊ शकतो. मेनूत 'सगळ्या इनपुटना लागू करा' असेल तर तेच वापरा. एचडीआर चित्रपट चालू असताना बॅकलाइट आपोआप वर जातो. त्याला हात लावू नका, त्या चित्राला तो उजेड लागतोच.