मदत हवी आहे: कादंबरीचा खर्डा स्वतः तपासतोय, संवादांपाशी अडलंय

मंडळी, नमस्कार. मी निपाणीचा. १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाच्या काळातली कादंबरी लिहिलीय, लाखभर शब्द झालेत. प्रकाशकाकडे धाडण्याआधी स्वतःच साफसूफ करतोय.

मोठी कापाकापी उरकली. एक्सेलमध्ये प्रत्येक प्रकरणाला एक ओळ: महिना, कुणाच्या नजरेतून, आणि शेवटी काय बदललं. शेवटचा रकाना रिकामा राहिला ते प्रकरण उडवलं. महिन्याचा रकाना फार कामाला आला. तंबाखूची लागण पावसाळ्यात, आंदोलनात हायवे अडवला तो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे तेव्हा माल शेतात नाही, घरात किंवा वखारीत. मग कोण कुठं असणार ते आपोआप ठरतं.

घोडं अडलंय बोलीपाशी. कादंबरीतली सून बेळगावकडची, ती "काय करूलैस" म्हणणार. निपाणीची सासू "काय करालैस". खर्ड्यात मात्र शंभरेक पानांनंतर सून सासूसारखीच बोलायला लागते. लग्नानंतर खरंच असं होतं म्हणा, पण ते मी ठरवून केलेलं नाही! वखारीतली माणसं मधूनच कन्नडात "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) विचारतात, ते आम्हाला कळतं, पुण्याच्या वाचकाला कसं कळणार? तळटीपा नकोत, वाचताना ठेच लागते.

शोधून बदलावं तर जुनी प्रकरणं श्रीलिपी या जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणलेली. "दुसऱ्या" शोधलं की निम्मे सापडतच नाहीत.

एकेका पात्राचे संवाद वेगळे काढून कुणी तपासलेत का? कसे?

प्रतिसाद:
आधी ते "ऱ्या" मार्गी लावा. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला एकच. न सापडलेला शब्द मजकुरातूनच कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाका आणि सगळीकडे एकच रूप करून घ्या.

मग वर्डमध्ये प्रत्येक पात्राला एक स्टाइल द्या. संवादांना ती लावत जायचं, कंटाळवाणं आहे पण दोन-तीन बैठकांत होतं. नंतर त्या स्टाइलचा सगळा मजकूर एकदम निवडून नव्या फाइलीत घ्या. सुनेची वाक्यं सलग, मोठ्यानं वाचा, शक्यतो तिकडच्या कुणा बाईसमोर. कुठं सूर सुटला ते त्या तोंडावर सांगतील.

कन्नडचं म्हणाल तर उत्तरातून अर्थ येऊ द्या. "ऊटा आयता?" "कुठलं जेवण, अजून डबा उघडला नाही." झालं की काम.