बेलापूर–अलिबाग रात्रीची सायकल राइड: एक ट्यूब पुरेल का?
वर विचारलंय, एक स्पेअर ट्यूब पुरेल का? माणशी दोन घ्या. हायवेच्या कडेला ट्रकच्या फाटक्या टायरमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. तार टायरमध्येच राहिली की नवी ट्यूब घालूनही पाच-दहा मिनिटांत चाक पुन्हा बसतं. म्हणून टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. अडकेल तिथे तार, ती चिमट्याने ओढायची. (बोट फिरवू नका, अंधारात तर नाहीच.)

मागचा लाल दिवा स्थिर ठेवा, लुकलुकता ठेवला की मागच्याचे डोळे दिपतात. कर्नाळ्याच्या चढावर ग्रुप फुटतोच, तेव्हा पंप शेवटच्या गड्याकडे हवा. वडखळला उजवीकडे वळा, सरळ गेलात तर नागोठणे!