मातेराच्या गुहांतून माणसं उठवली ते बरोबर होतं का?

भटकभवानी: इटलीत खाली दक्षिणेला मातेरा म्हणून गाव आहे, दरीच्या उतारावर मऊ दगडात कोरलेली घरं, त्यांना सासी म्हणतात. नुकतीच जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा. १९५२ ला कायदा करून सरकारने तिथली १५ हजारांच्या वर माणसं उठवून नव्या वस्त्यांत नेली. आता त्याच गुहांत हॉटेलं. आमच्या खोलीत मागच्या अंगाला दगडातच कोरलेली गव्हाण होती, खेचराची, आणि तिच्यात पांढऱ्या टॉवेलांच्या घड्या! म्हणजे गरीब राहिला की देशाची लाज आणि टुरिस्टने पैसे मोजले की वारसा? माझं मत, जागेवरच नळ, संडास, लाईट द्यायला हवी होती.

नाना_पाटीवाले: ताई, दुरून डोंगर साजरे. खेचर त्या गव्हाणीशी आणि त्याच एका खोलीत नवरा-बायको, पाचसहा पोरं, कोंबड्या, एखादं डुक्कर. तान्ह्या पोराला कपाटाच्या खणात झोपवायचे. मलेरिया होता, डोळ्यांना खुपऱ्या होत्या, पोरं दगावत होती. १९५० ला पंतप्रधान दे गास्पेरी स्वतः बघून गेले आणि मग कायदा आला. तुम्ही एसी लावून दोन रात्री राहिलात.

भटकभवानी: एसी नव्हता ओ, गरजच नाही, आत गारच असतं. 😄

चाळकरी: मी ताईंच्या बाजूने. तिथे एका अंगणाभोवती सातआठ घरं असायची, त्याला विचिनातो म्हणतात, आपली चाळच समजा. पाव सगळ्यांचा सामाईक भट्टीत, म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असायचा, कणकेवर उमटवला की कुणाचा पाव कुणाकडे जात नाही. ला मार्तेल्ला ही नवी वस्ती चांगल्या आर्किटेक्टने, क्वारोनीने, शेजार टिकवायचा विचार करून आखली, पण आखून शेजार तयार होतो का?

नाना_पाटीवाले: शेजारासाठी खुपऱ्या सहन करायच्या? कायच्या काय.

दगडधोंडा: जरा मधे बोलतो, दगडाचा मुद्दा राहिलाय. तिथले लोक त्याला तुफो म्हणतात पण तो ज्वालामुखीचा नाही, कॅल्करेनाइट आहे, चुनखडीच्या जातीचा. ज्वालामुखीच्या राखेचा खरा टफ तुर्कस्तानातल्या कप्पाडोकियाला. आपला कान्हेरीचा बेसॉल्ट म्हणजे छिन्नीचा जीव जातो, हा मऊ, पटकन कोरता येतो पण ओलही तेवढीच पितो. त्यात माणसं आत राहत असताना ड्रेनेज टाकणं सोपं नाही. पाण्याची अक्कल मात्र जबरदस्त होती हां, पावसाचं पाणी चरांनी टाक्यांत, चौकाखालच्या पालोम्बारो लुंगो नावाच्या टाकीत तर ५० लाख लिटरच्या आसपास मावतं.

भटकभवानी: ओलीचं पटलं, आमच्याही भिंतीला हात लावला की पांढरी पूड लागायची. पण मग १९८६ ला दुसरा कायदा करून दुरुस्तीला पैसा काढला, १९९३ ला युनेस्कोच्या वारसा यादीत नाव, त्याच ओल्या दगडात शॉवर बसलेच ना? मधली तीसेक वर्षं घरं ओस ठेवली, त्याऐवजी निम्मी माणसं तात्पुरती हलवून परत आणता आली नसती?

नाना_पाटीवाले: निम्मी म्हटलंत तर मी भांडणार नाही. पण परत यायला किती जण तयार झाले असते, ते त्या कपाटाच्या खणात वाढलेल्यांना विचारा.

चाळकरी: ताई, ते टॉवेल वापरलेत का पण?

भटकभवानी: वापरले. ठेवायला दुसरी जागाच नव्हती, परत गव्हाणीतच टाकले.