मदत हवी आहे: शुक्रवार पेठेतला वाडा, दर्शनी भागाची परवानगी

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचा जुना दुमजली वाडा आहे, महापालिकेच्या वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत. रस्त्याकडचा सागवानी सज्जा वाळवीनं पोखरलाय. सज्जाखालच्या एका घोडीला (लाकडी टेकूला) बोट लावलं तर भुसा गळतो, खालून शाळेची पोरं जातात. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी खालच्या भिंतीत मुरलं. त्यावर पूर्वी कुणीतरी मारलेलं सिमेंट आता पापुद्र्यासारखं सुटतंय.

करायचंय एवढंच: सज्जा त्याच मापाचा, त्याच नक्षीचा सागवानात, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा आणि फुटकी मंगलोरी कौलं बदलणं. मजला वाढवायचा नाही, पाडायचं तर अजिबात नाही.

प्रॉपर्टी कार्डाचा उतारा, सगळ्या भावकीच्या सह्या, चारी बाजूंचे फोटो आणि मोजमापाचे नकाशे तयार आहेत. तळमजल्यावर जुना भाडेकरू आहे, हरकत नाही असं त्यानं तोंडी सांगितलंय. दोन आर्किटेक्टना विचारलं. एक म्हणतो, जसंच्या तसं काम म्हणजे साधी दुरुस्ती; दुसरा म्हणतो, दर्शनी भागाला हात लावायचा तर वारसा समितीचा अभिप्राय लागणारच. माझा कल दुसऱ्याकडं आहे, पण पावसाच्या आत सज्जा उतरवायलाच हवा.

शहरात अलीकडं असं काम रीतसर केलेल्यांनी सांगावं: अर्ज थेट नगररचना विभागात दिला की आधी समितीकडं? भाडेकरूची संमती स्टॅम्पवर मागितली का? आणि धोकादायक सज्जा मंजुरीआधी उतरवून लाकूड जपून ठेवलं, तर चालतं का?