जीएसटीचा दर बदलला की किती ठिकाणी हात घालावा लागतो? सॉफ्टवेअरची लवचिक रचना (आर्किटेक्चर) हवी की आहे ती ईआरपी, म्हणजे कंपनीचा हिशेब, साठा, बिलं सांभाळणारी यंत्रणा, पुरे?

हिशेबी:
जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढायचं ठरवलं आणि बहुतेक वस्तूंचे नवे दर २२ सप्टेंबरला लागू झाले. हातात दिवस १९. साबण-शांपू बनवणाऱ्या मध्यम कंपनीत दर एका जागी कधीच नसतो. तो ईआरपीच्या आयटम मास्टरमध्ये (मालाच्या मूळ यादीत) असतो, डेपोच्या बिलिंगमध्ये असतो, वितरकांना द्यायच्या सवलतींच्या, म्हणजे स्कीमच्या, एक्सेलमध्ये आणि वेबसाइटवरही असतो. कधीकधी तर बिलाच्या छापील साच्यातच कोणीतरी १८ टक्के टाकून ठेवलेले असतात. चार-पाच जण वेगवेगळ्या वेळी बदल करणार म्हटल्यावर एक जागा सुटतेच.
माझं मत स्पष्ट आहे. कर, किंमत आणि स्कीम ईआरपीच्या पोटातून बाहेर काढा, एका स्वतंत्र सेवेत (वेगळ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवा, बाकी सगळ्यांनी तिलाच विचारावं. धंद्याचा निर्णय आणि आयटी यांचा मेळ घालायचा तो इथे; भिंतीवर आर्किटेक्चरचा नकाशा लावून तो बसत नाही.

डेपोवाला:
अजिबात पटत नाही. डेपोत सकाळी गाड्या भरताना इंटरनेटची लाइन गेली की तुमची मध्यवर्ती सेवा गप्प, बिलिंग बंद, गाड्या उभ्या. शिवाय २०१७ नंतर दरांची एवढी मोठी उलथापालथ ही एकदाच झाली. चारशे आयटम असले तर एक अपडेट स्क्रिप्ट आणि एक संध्याकाळ पुरते. त्यासाठी नवा सर्व्हर आणि तो सांभाळणारी माणसं कायमची पोसायची का?

हिशेबी:
बदल फक्त दराचे नसतात. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, किती उलाढालीपासून सक्तीचं ती मर्यादाच बघा: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी, मग १००, ५०, २०, १० आणि ऑगस्ट २०२३ ला ५ कोटी. आणि तुमची स्क्रिप्ट जुना दर पुसून टाकते, खरी गोम तिथे आहे. ऑगस्टच्या बिलावरचा माल २५ सप्टेंबरला परत आला, तर क्रेडिट नोट (परतीच्या रकमेची चिठ्ठी) जुन्या १८ टक्क्यांनीच निघायला हवी. मास्टरमध्ये तर आता ५ आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पुरवठा, बिल आणि पैसे यांतल्या दोन गोष्टी बदलाच्या ज्या बाजूला पडतात, तो दर लागतो. म्हणजे दरांच्या तक्त्याला ‘आजचा दर काय’ असं विचारून भागत नाही, ‘त्या तारखेचा दर काय’ असं विचारावं लागतं. जुनी ओळ ठेवायची, तिची मुदत संपवायची आणि खाली नवी ओळ घालायची.

रकाना:
सेवा कुठे ठेवायची यावर तुमचं जुंपलंय, पण तक्त्याची किल्ली काय असावी, म्हणजे दर कशावरून शोधायचा, हे कोणीच बोललं नाही. चार अंकी एचएसएनवर (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावर) दर लावलात तर गाळात जाल. ३३०५ मध्ये शांपू आणि केसांचं तेल ५ टक्क्यांवर आलं, हेअर डाय १८ वरच राहिला. ३४०१ मध्ये अंगाच्या साबणाची वडी ५ वर, लिक्विड सोप १८ वर. म्हणून आधी प्रत्येक आयटमला करवर्ग (एकाच दराच्या मालाचा गट) द्या आणि दर त्या वर्गाला लावा. नवी ओळ अकाउंट्सने भरावी, मंजुरी दुसऱ्या माणसाने द्यावी, आयटीने फक्त यंत्रणा चालवावी. पुढच्या तारखेची ओळ आधीच भरून ठेवा आणि जुन्या बिलांची परती धरून वीसेक नमुना बिलं चाचणी सर्व्हरवर काढून बघा.

डेपोवाला:
हे पटतं. पण यातलं सगळं आहे त्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दराला लागू तारीख देता येते, सॅप या ईआरपीत दर-किमतीच्या नोंदीला (कंडिशन रेकॉर्डला) मुदत असतेच. लोक ती सोय वापरत नाहीत, म्हणून नवं काही उभारायचं का? बाहेर काढायची तर स्कीम काढा, ती दर महिन्याला बदलते आणि विक्री खातं ती आदल्या रात्री कळवतं. कर आत राहू दे.

हिशेबी:
वेबसाइट आणि डेपोचं बिलिंग वेगळ्या सॉफ्टवेअरवर असेल तर ‘आत’ म्हणजे नेमकं कुणाच्या आत? डेपोत तक्त्याची स्थानिक प्रत ठेवा. नवे दर लागू होण्याच्या चार दिवस आधी ती रवाना करा, म्हणजे लाइन गेली तरी बिल निघेल.

डेपोवाला:
आणि एखाद्या डेपोत जुनीच प्रत राहिली तर? बिल अडवायचं की सोडायचं? मी सोडेन. चुकलेलं ई-इनव्हॉइस २४ तासांत रद्द करता येतं.

रकाना:
त्यावर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) चालू असेल तर येत नाही, आणि गाडी निघालेली असली की ते चालूच असतं. रद्द झालं तरी तो बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. प्रतीवर आवृत्ती क्रमांक ठेवा. दरबदलाच्या दिवशी क्रमांक जुळला नाही तर बिल अडवा आणि त्या सकाळी अकाउंट्सचा एक माणूस फोनवर बसवा. बाकीच्या दिवशी सोडा.