जिंकणं-हरणं नसलं तरी

'ज्यात जिंकणं-हरणं नाही तो खेळच नव्हे, आणि जो पैसे मोजून घ्यायचा ती कला नव्हे' हे व्हिडिओ गेमबद्दलचं मत मला अजिबात पटत नाही. कुमार गंधर्व आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. त्यांच्या मैफिलीला लोक तिकीट काढून जायचे, म्हणून ते गाणं नुसतं मनोरंजन ठरलं का?

२०१३ सालचा 'प्रोटियस' हा व्हिडिओ गेम घ्या. एक बेट, त्यावर आपण फक्त चालायचं. ना शत्रू, ना गुण. बेडकाजवळ गेलं की तो उडी मारतो आणि त्या उडीचा सूर होतो. झाडं, पाऊस, डोंगरमाथा, सगळ्यांचे आवाज वेगळे, त्यामुळे आपण जिथं चालू तसं संगीत बनत जातं. दर वेळी बेटही नवं. मागच्या आषाढात वीज यायची-जायची, तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर मी तो खेळले. खेळातले ऋतू सरत शेवटी हिवाळा आला तेव्हा खोलीत कुणी बोलू नये असं वाटलं. येळ्ळूरगडावर धुकं उतरताना अगदी असंच होतं मला.

न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं २०१२ मध्ये १४ व्हिडिओ गेम संग्रहात घेतले. घेतले ते वास्तुकला आणि डिझाइन विभागात, हेही सांगायला हवं. पण त्या शिक्क्यापेक्षा मला तो बेडूक मोठा पुरावा वाटतो. काहीच न घडणारे, कंटाळवाणे गेमही भरपूर आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. 'प्रोटियस' मात्र एकदा रात्री, हेडफोन लावून, घाई न करता खेळून बघा.