जुनं जर्मन स्प्रिंगवालं एअर पिस्तूल घेतलंय, स्प्रिंग बदलू की आधी बाकीचं बघू?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. ओळखीतल्या एका काकांकडून जुनं एअर पिस्तूल घेतलंय, नळी मोडून कॉक करायचं ब्रेक बॅरल, ४.५ मिमी, वर "ओरिजिनल मॉडेल ५" कोरलेलं आहे. काकांनी वीसेक वर्षं माळ्यावर ठेवलं होतं पण फडक्यात गुंडाळून, त्यामुळे गंज फारसा नाही, निळं पॉलिश मूठ धरायच्या जागी तेवढं गेलंय. मला ते हातात घेतल्यापासून खाली ठेववत नाही, इतकं सुरेख वजन आहे त्याचं.

आता प्रॉब्लेम. पहिले काही छर्रे मारले तेव्हा नळीतून निळसर धूर आणि फटाक्यासारखा आवाज, मग तो कमी झाला पण प्रत्येक वेळी आतून स्प्रिंगचा टंग्ग्ग असा आवाज येतो आणि तो हातातून कोपरापर्यंत जाणवतो. मागच्या अंगणात ६ मीटरवर पुठ्ठा लावून मारतोय तर भोकं बशीएवढ्या जागेत पसरतात, कधी वर कधी खाली. नळी बंद केल्यावर अगदी किंचित हलते वरखाली. दुकानात विचारलं तर म्हणाले स्प्रिंग बसलीय, जास्त ताकदीची टाकून देतो. टाकू का? आणि पुण्यात ह्याचं सामान कुठे मिळेल?

खडकीचा_छर्रा

अभिनंदन, फार छान वस्तू मिळालीय. थोडा इतिहास सांगतो कारण तुमच्याकडच्या नावातच तो आहे. हे डायनाचंच पिस्तूल आहे, जर्मनीतल्या राश्टाट गावची कंपनी, १८९० पासूनची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची मशिनरी आणि "डायना" हे नाव वापरायचा हक्क ब्रिटनमध्ये मिल्ब्रो नावाच्या कंपनीकडे गेला, त्यामुळे राश्टाटचा माल तिकडे "ओरिजिनल" नावाने विकला जायचा. सिलिंडरवर मागच्या बाजूला छोटे आकडे शोधा, महिना आणि वर्ष असतं.

आता धूर. तो डिझेलिंगचा. कोणीतरी जपून ठेवायचं म्हणून आत मशीनचं तेल सोडलेलं असणार. दट्ट्या जोरात पुढे येतो, हवा दाबली जाऊन क्षणभर प्रचंड तापते आणि ते तेल पेटतं. आवाज ऐकून वाटतं काय ताकद आहे, पण त्यानेच वॉशर जळतं आणि स्प्रिंग तुटते. शिलाई मशीनचं तेल फक्त बाहेरच्या सांध्याला, हवेच्या भोकात कधीच नाही.

स्प्रिंगला हात लावायच्या आधी हवा कुठून गळते ते बघा. टिश्यू पेपरची बारीक पट्टी नळीच्या सांध्यावर आडवी ठेवा, तोंड सुरक्षित दिशेला, छर्रा घालून मारा. पट्टी उडाली तर नळीच्या बुडाचं सील गेलंय. ते पाच मिनिटांचं काम आहे, काढा, माप घ्या, नाना पेठेत ऑइल सील-ओरिंगच्या दुकानात जुनं दाखवा, मिळतं. जुनं कातडी असेल तर थोडं जाड घेऊन हळूहळू घासून बसवा, बंद करताना किंचित दाबलं गेलं पाहिजे पण नळी अडता कामा नये.

नळी हलते ते मात्र आधी काढा, तोपर्यंत बाकी काहीही करून ग्रुप येणार नाही, म्हणजे भोकं एका जागी पडणार नाहीत, कारण नेम धरायची मागची खाच सिलिंडरवर आणि माशी (पुढचा खुंट) नळीवर, नळी दर वेळी वेगळ्या जागी बसली की दोघांचं नातंच बदलतं. सांध्याला बोल्ट आहे की पिन ते बघा. बोल्ट असेल तर नळी मोडून सोडल्यावर आपल्या वजनाने पडू नये, जिथे सोडली तिथे थांबावी इतका घट्ट करा.

भोसरी_लेथ

वरच्यांशी सहमत. माझं वर्कशॉप आहे, स्प्रिंगवाल्या रायफली पिस्तुलं बरीच उघडलीत, त्या अनुभवावरून सांगतो, टंग्ग आवाज म्हणजे स्प्रिंग कमजोर असं नाही. स्प्रिंगच्या आत जी मार्गदर्शक दांडी असते, गाइड, ती आणि स्प्रिंग ह्यात फट असली की सुटल्यावर स्प्रिंग आतल्या आत वळवळते आणि भिंतीला आपटते. उपाय म्हणजे डेलरिनची (कडक प्लास्टिकची) गाइड लेथवर काढून घ्यायची, स्प्रिंग तिच्यावर हाताने दाबून जेमतेम सरकेल एवढी. स्प्रिंगची दोन्ही टोकं सपाट घासून पॉलिश करायची. दट्ट्याच्या बाहेरून मॉली ग्रीसचा अगदी पातळ हात, स्प्रिंगला चिकट जाड ग्रीस थोडंसं. थोडंसं म्हणजे खरंच थोडंसं, जास्त लावलं तर पुन्हा धूर.

उघडताना शिकंजा पाहिजेच. स्प्रिंग सुट्टी वाटते पण आत दाबून बसवलेली असते, शेवटची पिन निघाली की मागचा भाग सरळ तोंडावर येतो. सुताराचा लांब पट्टीचा शिकंजा लावा, पिन काढा, मग शिकंजा सावकाश सोडा. डोळ्याला चष्मा.

दट्ट्याला कातडी वायसर निघालं तर टाकून देऊ नका. कडक झालेलं असेल, सिलिकॉन ऑइलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, बहुतेक वेळा जिवंत होतं. नाहीच झालं तर बोहरी आळीत पंपाची कातडी बकेट वायसर मिळतात, एक माप मोठं घेऊन कापून बसवता येतं. खोबरेल लावू नका कोणी सांगितलं तरी, पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ते गोठतं आणि पहिल्या दहा छर्‍यांचा वेग वेगळाच येतो. आणि सिलिकॉन फक्त वायसरला, लोखंडावर लोखंड घासतं तिथे त्याचा उपयोग नाही.

पॉवर_हवी

एवढं सगळं करण्यापेक्षा दणकट स्प्रिंग टाक मित्रा, मी माझ्या रायफलला टाकलीय, डबा आरपार.

भोसरी_लेथ

दादा रायफलचं सिलिंडर मोठं आहे, तिथे निदान हवा तरी आहे दाबायला. पिस्तुलात दट्ट्याची चालच इतकी छोटी की स्प्रिंग दुप्पट केली तरी हवा तेवढीच. मग उरलेली ताकद जाते कुठे, तर धक्क्यात. कॉक करताना मनगट दुखतं, चापाच्या दातावर जोर येतो, तो झिजला की पिस्तूल आपोआप सुटायची भीती. ते मी कोणाला करून देत नाही. फॅक्टरीच्या मापाची नवी स्प्रिंग टाका, ती चालेल.

मधुरा_बालेवाडी

मी १० मीटर एअर पिस्तूल खेळते, बालेवाडीला प्रॅक्टिसला असते, माझं पिस्तूल पीसीपी आहे म्हणजे साठवलेल्या हवेचं, पण सुरुवात घरच्या स्प्रिंगवाल्यावरच झाली आणि मला आजही वाटतं की स्प्रिंगवाल्याने जे शिकवलं ते पीसीपीने शिकवलं नसतं. कारण असं की चाप दाबल्यावर आधी दट्ट्या धावतो, हवा दाबली जाते, मग छर्रा हलतो, म्हणजे छर्रा नळीत असतानाच पिस्तूल हलायला लागलेलं असतं. त्या वेळात तुम्ही मान वर करून भोक कुठे पडलं ते बघायला गेलात की संपलं. सुटल्यावरही माशी खाचेत तशीच धरून ठेवायची, मनात एक-दोन म्हणायचं आणि मग हात खाली.

आणि मूठ आवळू नका. हातात चिमणीचं पिल्लू असल्यासारखं धरा, पडू नये एवढंच. धक्का दर वेळी एकसारखा जाऊ द्यायचा, अडवायचा नाही. टेबलावर टेकवून मारत असाल तर खाली उशी घ्या, लाकडावर टेकवलं की ते उडी मारतं आणि ग्रुप वर जातो. कधी वर कधी खाली जे होतंय त्यातलं निम्मं ह्यातच असेल असं मला वाटतं.

नजर माशीवर. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे, माशीची धार सुईसारखी स्पष्ट. काळ्या गोळ्याच्या खाली पांढरी बारीक फट ठेवून नेम धरायचा. छर्रे चपट्या तोंडाचे हलके घ्या, ०.४५ ते ०.५३ ग्रॅम, दोनतीन कंपन्यांचे थोडे थोडे घेऊन बघा, जुनी नळी कोणाला पसंत करते ते तीच सांगते. स्टीलचे बीबी (गोल गोळ्या) अजिबात नको, नळीतल्या आट्यांची वाट लागते आणि ते उलटे उडून येतात.

कायदा_बघून_चाला

एक दोन गोष्टी, आधी कोणी बोललं नाही म्हणून. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंत बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असेल तर लायसन्स लागत नाही, त्यापुढे लागतं. तुमचं त्याच्या जवळपासही जाणार नाही. पण दिसायला ते पिस्तूलच आहे, गाडीच्या सीटवर किंवा कमरेला घेऊन फिरू नका, बंद पेटीत न्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. कबुतर, खार, कशावरही नाही. छर्रे शिशाचे असतात, मारून झालं की साबणाने हात धुवा, मग चहा. मागे फक्त पुठ्ठा लावलाय असं वाचलं, तेवढं पुरत नाही, लाकडी खोक्यात जुन्या जीन्स आणि चादरी ठासून भरा, मागे लोखंडी पत्रा.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. रिपोर्ट देतो. सिलिंडरवर "०३ ७२" निघालं, म्हणजे मार्च १९७२! टिश्यूची पट्टी पहिल्याच वेळी उडाली. बुडाचं सील नाना पेठेतून आणलं, सांध्याचा बोल्ट घट्ट केला, गाइड भोसरीत करून घेतली. आत कातडी वायसरच होतं, पापडासारखं वाळलेलं, सिलिकॉनमध्ये भिजवल्यावर मऊ झालं. स्प्रिंग जुनीच ठेवलीय.

टंग्ग गेला. आता नुसता ठक्क. वेग मोजायचं मशीन माझ्याकडे नाही म्हणून फोनवर आवाज रेकॉर्ड केला, फोन नळीच्या तोंडाशी, ६ मीटरवर पत्रा, आणि लॅपटॉपवर दोन आवाजांतलं अंतर बघितलं. ०.०७२ सेकंद येतंय. पत्र्यावरचा आवाज परत फोनपर्यंत यायला साधारण ०.०१७ लागतात, ते वजा केले की ०.०५५, म्हणजे सेकंदाला ११० मीटरच्या आसपास. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, ऊर्जा ३ जूल. आधी हाच वेग ९० पासून ११८ पर्यंत कुठेही जायचा, आता १०८ ते ११२ मध्ये राहतो. कमाल वेग उलट कमीच झालाय पण भोकं आता एकमेकांना चिकटायला लागलीत. संध्याकाळी ऑफिसहून आलो की अर्धा तास अंगणात, दुसरं काही सुचत नाही.

मधुराताई, एक विचारायचं होतं, १० मीटरचं टार्गेट ६ मीटरवर लावलं तर फारच सोपं वाटतंय, छोटं कुठे मिळतं का?

मधुरा_बालेवाडी

वा, ९० ते ११८ वरून १०८ ते ११२, हेच तर पाहिजे! टार्गेट विकत नका घेऊ, १० मीटरचं ६० टक्के करून प्रिंट काढा. खऱ्या टार्गेटचा काळा गोल ५९.५ मिमी असतो, तो जवळपास ३६ मिमी होईल आणि ११.५ मिमीचा दहाचा गोल ७ मिमीच्या आत येईल, माशीच्या वर काळं तेवढंच दिसेल जेवढं १० मीटरवर दिसतं. फक्त छर्रा लहान होत नाही त्यामुळे मार्क जरा जास्त मिळतात, रेषेला टेकलेलं भोक आतलं धरू नका. ए४ वर चार बसतात. कागद जाड घ्या, १७० जीएसएमच्या वरचा, साधा झेरॉक्सचा कागद फाटतो, गोल भोक पडत नाही आणि मग मोजताच येत नाही.